साठ किलोची लेन्स आणि सात किलोची बॅग

नोव्हेंबर उजाडला की आमच्या मंडळातल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतो. डिसेंबरच्या सुट्टीत मुलांना घेऊन देशात जायचे असते, त्यात ताडोब्याचे किंवा पेंचचे दोन दिवस ठरलेले असतात, आणि प्रश्न नेहमीचाच असतो, "अहो, कोणती टेलीफोटो लेन्स घेऊ?" मी काही व्यावसायिक छायाचित्रकार नाही. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण अभियांत्रिकीतली डॉक्टरेट आणि गळ्यात कॅमेरा या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की लोक आपल्याला तज्ज्ञ समजतात. वास्तविक माझा प्रबंध द्रवांच्या वहनावर होता, भिंगांशी त्याचा काडीचा संबंध नाही!

या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येते आणि ते मी पुढे देणारच आहे. पण दरवर्षी उत्तर देताना मला जाणवते की हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. लांबच्या प्राण्याला जवळ आणण्याची धडपड सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तिच्यातला एक विलक्षण अध्याय आपण राहतो त्या कतारमध्येच घडला आणि आपल्यापैकी फार थोड्यांना तो ठाऊक आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

जर्मनीतल्या झोल्म्स गावी लायका कंपनीचा कारखाना होता. तिथे एका ग्राहकाच्या मागणीवरून एकच लेन्स बनवली गेली आणि २००६ साली ती त्याच्या हाती पडली. हाती पडली हा शब्दप्रयोग तसा चुकीचा आहे, कारण तिचे वजन सुमारे ६० किलो होते. नाव आपो-टेलीट-आर, नाभीय अंतर १६०० मिलिमीटर, छिद्र एफ ५.६. किंमत वीस लाख अमेरिकी डॉलरच्या वर असल्याचे तेव्हा छापून आले होते. हे ग्राहक म्हणजे कतारचे शेख सौद बिन मोहम्मद अल थानी. १९९७ ते २००५ या काळात कतारच्या संस्कृती, कला आणि वारसा परिषदेची सूत्रे त्यांच्याकडे होती. जगातल्या मोठमोठ्या कलावस्तूंच्या लिलावांत त्यांचे नाव दबक्या आवाजात घेतले जाई. जुने कॅमेरे आणि जुनी छायाचित्रे यांचे त्यांना वेडच होते. १९९९ साली गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराचे समुद्राच्या लाटेचे छायाचित्र लंडनच्या लिलावात विक्रमी किमतीला गेले, त्याचे खरेदीदारही तेच असल्याचे सांगितले जाते.

त्याच २००६ साली कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात झाइस कंपनीने १७०० मिलिमीटरची, एफ ४ ची, २५६ किलो वजनाची दुसरी राक्षसी लेन्स मांडली. झाइसने आपल्या ग्राहकाचे नाव जाहीर केले नाही. त्याला वन्य प्राण्यांच्या छायाचित्रणाची आवड आहे, एवढेच सांगितले.

आता वाचक विचारतील, एवढ्या पैशाने असे मिळते तरी काय? त्यासाठी थोडे शाळेतले विज्ञान उजळावे लागेल. पडद्यावर पडणाऱ्या प्रतिमेचा आकार भिंगाच्या नाभीय अंतराच्या प्रमाणात वाढतो आणि वस्तूच्या अंतराच्या प्रमाणात घटतो. एक मीटर उंचीचा पक्षी २०० मीटरवर उभा असेल, तर १६०० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा ८ मिलिमीटर उंच पडते. सहाशेच्या लेन्समधून ३ मिलिमीटर. हे त्रैराशिक पाचवीतल्या मुलालाही जमेल. अडचण अशी की साध्या बहिर्गोल भिंगाला नाभीय अंतराइतकी लांब नळी लागते, म्हणजे १६०० मिलिमीटरला पुरुषभर लांबीचा नळकांडा! यावरचा तोडगा म्हणजे टेलीफोटो. पुढे बहिर्गोल भिंगांचा गट आणि मागे थोड्या अंतरावर अंतर्गोल भिंगांचा गट. मागचा गट किरणांना झटपट एकत्र येऊ देत नाही, त्यामुळे लेन्स आपल्या खऱ्या लांबीपेक्षा मोठ्या नाभीय अंतराचे सोंग आणते. शेखसाहेबांची १६०० ची लेन्स पुढचे झाकण वगळता सुमारे १२०० मिलिमीटर लांब होती, ती याच युक्तीने. अशा जोडीने मोठी प्रतिमा मिळते हे केप्लरने १६११ सालीच लिहून ठेवले होते. पण छायाचित्रकारांच्या उपयोगाची लेन्स व्हायला १८९१ साल उजाडावे लागले. त्या एकाच वर्षी लंडनमध्ये टॉमस डालमेयर, बर्लिनमध्ये आडोल्फ मीटे आणि म्युनिकमध्ये आडोल्फ श्टाइनहाइल अशा तिघांनी ती स्वतंत्रपणे काढली. मग पहिला मान कोणाचा यावर वाद झाला. इंजिनियर मंडळींना हे नवीन नाही. डालमेयरने १८९९ साली या विषयावर एक आख्खे पुस्तकच लिहिले.

त्या सुरुवातीच्या लेन्स इतक्या मंद होत्या की समोरचा विषय डोंगर किंवा देऊळ असेल तरच निभावे. हलत्या प्राण्याला कोण सांगणार, बाबा रे, जरा थांब म्हणून? म्हणून पहिले वन्यजीव छायाचित्रकार लेन्सवर नव्हे, तर वेशांतरावर भर देत. यॉर्कशायरच्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ साली पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र काढले आणि १८९५ साली सर्वस्वी छायाचित्रांनी सजलेले पक्ष्यांच्या घरट्यांचे पुस्तक छापले. पुढे त्यांनी बैलाचे कातडे पेंढ्याऐवजी पोकळ सांगाड्यावर चढवले आणि रिचर्ड त्या बैलाच्या पोटात उभा राहून पक्ष्यांची वाट पाहू लागला. आपल्याकडच्या बैलपोळ्याला हे दोघे शोभले असते.

आपली मुंबई या सगळ्यात मागे नव्हती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढत. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्या आठ संस्थापकांत दोन मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. म्हणजे कॅमेरा आणि निसर्ग अशी दोन्ही मंडळे एकाच शहरात, तीस वर्षांच्या अंतराने. दोघांची गाठ मात्र लवकर पडली नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याचे रोप उगवताना एकेक चौकट करत चित्रित केले. लांबचे जवळ आणण्याऐवजी त्यांनी सावकाशचे वेगाने आणले! पण रानात मात्र अजून बंदुकीचेच राज्य होते.

आपल्या भाषेतला 'टिपणे' हा शब्द पाहा. पाखरू दाणा टिपते, शिकारी सावज टिपतो, आई पदराने डोळे टिपते आणि आजकाल छायाचित्रकार वाघ टिपतो. शिकाऱ्याच्या टिपण्यातून छायाचित्रकाराच्या टिपण्याकडे जायला हिंदुस्थानाला बरीच वर्षे लागली. त्या वाटेवरचा मोठा माणूस म्हणजे संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन. त्यांनी रानवाटांवर तारा लावून ठेवल्या. वाघाचा पाय लागला की झगझगाट होई आणि वाघ स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढी. त्यांचे वाघांच्या प्रदेशातल्या कॅमेऱ्याचे पुस्तक १९२७ सालचे. जिम कॉर्बेट यांनी पुढे बंदूक सोडून सिनेकॅमेरा हाती घेतला, त्यात चॅम्पियन यांच्या उदाहरणाचा वाटा होता. चॅम्पियन यांना टेलीफोटोची गरज फारशी भासली नाही, कारण त्यांनी अंतर लेन्सने नव्हे, तर वाट पाहण्याने कापले.

कायद्याने बंदूक खाली ठेवायला लावली ती १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. त्याच १९७२ साली, अरबस्तानाच्या या बाजूला, ओमानच्या वाळवंटात रानटी अवस्थेतला शेवटचा अरबी ओरिक्स मारला गेला. आपल्या विमानांच्या शेपटीवर ज्याचे डोके रंगवलेले असते, तोच हा प्राणी. शतकानुशतके उंटावरचा शिकारी आणि ओरिक्स यांच्यात वाळवंटाचे अंतर होते, त्या अंतरावर तो जगला. मोटार आणि लांब पल्ल्याची रायफल आली आणि ते अंतर संपले. १९६२ साली काही ओरिक्स पकडून पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात त्यांचा कळप सुरू केला होता. कतारमध्ये शहानियाला खाजगी कळप राखला गेला. म्हणून ही जात उरली आणि १९८२ साली ओमानच्या वाळवंटात परत सोडता आली. २०११ मध्ये तिची नोंद धोक्यातून एक पायरी वर सरकली. आपली मुले शहानियाच्या सहलीत कुंपणापलीकडचा ओरिक्स पाहतात, त्याला २०० ची लेन्स भरपूर होते. भीती गेल्यामुळे तो जवळ येतो, ही गोष्ट मला दरवेळी थोडी खटकते.

शेखसाहेबांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर वाचकांचा गैरसमज होईल की हा केवळ श्रीमंती शौक होता. शहानियाच्या बाजूला अल वबरा हे त्यांचे प्राणिसंवर्धन केंद्र होते. ब्राझीलमधला स्पिक्सचा निळा मकाव २००० साली रानातून नाहीसा झाला. 'रिओ' या चित्रपटातला ब्लू, तोच. त्यानंतर जगातल्या उरल्यासुरल्या मकावांपैकी सर्वांत मोठा गट दोह्याबाहेरच्या या केंद्रात होता. २०१३ साली तिथे कृत्रिम रेतनाने पिल्ले झाली. शेखसाहेब २०१४ मध्ये गेले. त्यांचे पक्षी जर्मनीला आणि तिथून, २०२० साली, इतर मकावांसह ५२ जणांच्या तुकडीत ब्राझीलला पोचले. जून २०२२ मध्ये आठ मकाव रानात सोडण्यात आले. लेन्सचे काय झाले? लायकाने आर मालिकेचे कॅमेरे २००९ मध्येच बंद केले. त्या लेन्सने टिपलेले एकही छायाचित्र माझ्या पाहण्यात नाही. पण त्याच माणसाने राखलेल्या पक्ष्यांची पुढची पिढी ब्राझीलच्या झाडांवर जाऊन बसली.

आता थोडे माझे. मी सोलापूरचा. सोलापूरहून वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे आणि तिथे १९७९ साली माळढोक अभयारण्य झाले. माळढोक म्हणजे मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड थोडेच. डॉ. सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून याचेच नाव सुचवले होते, मान मोराला मिळाला. १९९४ साली, आठवीच्या सुट्टीत, मामांनी मला स्कूटरवर मागे बसवून तिथे नेले. मामांकडे रशियन झेनिट कॅमेरा होता आणि १३५ ची लेन्स होती. ती लेन्स म्हणजे आमच्या घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू. मामी म्हणायची, माझ्या पाटल्यांना नाही एवढे कापड त्या लेन्सला. दोन तास बाभळीआड बसल्यावर गवतातून एक नर बाहेर आला. पांढरी मान, काळी टोपी, चालणे सरदारासारखे. अंतर २०० मीटर तरी असेल. मामांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. मी एकच छायाचित्र काढले, कारण रोलमध्ये तेवढेच उरले होते.

वर दिलेले त्रैराशिक तेव्हा मला येत नव्हते. आज मांडले तर १३५ च्या लेन्समधून त्या पक्ष्याची प्रतिमा पाऊण मिलिमीटरही नाही. धुऊन आलेल्या फोटोत गवत होते, आभाळ होते आणि मध्ये एक ठिपका. मामा म्हणाले, "मोठा हो, मोठी लेन्स घे, परत येऊ."

मोठ्या लेन्स तोवर जपानात बनतच होत्या. कॅननने १९६९ साली कृत्रिम फ्लोराइट स्फटिकाची ३०० ची लेन्स काढली. लांब लेन्समध्ये निरनिराळे रंग निरनिराळ्या ठिकाणी एकत्र येतात आणि कडांना जांभळी झालर दिसते, ती फ्लोराइटने आटोक्यात येते. गरिबांसाठी आरशाच्या लेन्स होत्या, ५०० मिलिमीटरच्या, हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या. पण मधोमध आरसा असल्याने मागच्या उजेडाचे ठिपके मेदूवड्यासारखे भोक पडलेले दिसतात. मी एक काही दिवस वापरली. पक्ष्यामागे उडुपी हॉटेल उघडल्यासारखे वाटते. खरी क्रांती दोन. पहिली १९९५ ची, कॅननच्या ७५-३०० लेन्समधली थरथर शमवणारी यंत्रणा. हात हलला की लेन्समधला एक भिंगगट उलट दिशेने सरकतो. आमच्या नियंत्रणशास्त्राच्या भाषेत हा सरळसरळ अभिप्राय-फेरा आहे. तिने तिपाई घरी ठेवायची सोय केली, आणि जिप्सीत तिपाई लावायला जागा असतेच कुठे? दुसरी क्रांती वजनाची. फ्रेनेलने १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआँ दीपगृहासाठी भिंग कापून पातळ केले होते. तीच कल्पना सूक्ष्म रूपात वापरून निकॉनने २०१८ साली ५०० ची लेन्स १४६० ग्रॅममध्ये बसवली. ही एफ ५.६ ची. त्यांचीच एफ ४ ची ५०० तीन किलोंच्या वर आहे. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की वजन नाभीय अंतराने कमी आणि छिद्राने जास्त वाढते. एफ ४ च्या ६०० ला पुढचे भिंग १५० मिलिमीटर रुंद लागते, एफ ६.३ ला ९५. काच किती वाढते ते तुम्हीच काढा.

तेव्हा आता त्या दोन वाक्यांच्या उत्तराकडे येतो. ताडोब्यासाठी १०० ते ४०० किंवा १०० ते ५०० ची झूम घ्या. माळावरच्या आणि पाणथळीच्या पक्ष्यांसाठी ६०० पर्यंत जाणारी घ्या आणि दोन्ही एकाच प्रवासात नेऊ नका. कारण असे, ताडोब्यात वाघ पुष्कळदा रस्त्यावर तीस मीटरवर असतो. शेपूट सोडून त्याची लांबी १.८ मीटर धरली तर ६०० च्या लेन्समधून तो ३६ मिलिमीटरची चौकट काठोकाठ भरतो. मग रान कुठे आले? वाघ प्राणिसंग्रहालयातही मिळतो, मोहर्लीचा बांबू मिळत नाही.

दोन्ही नेण्याचा प्रयोग मी केलेला आहे. एकदा दोन लेन्स, कॅमेरा, चार्जर असे अकरा किलो हातबॅगेत भरून काउंटरवर उभा राहिलो. मर्यादा सात किलोची. काउंटरवरच्या बाईंचा काही दोष नव्हता, काटा काही खोटे बोलत नाही. शेवटी एक लेन्स सौभाग्यवतींच्या पर्समध्ये, बॅटऱ्या मुलीच्या जॅकेटात आणि मोठी लेन्स माझ्या गळ्यात, अशी आमची वरात विमानात चढली. त्या दिवसापासून घरात लेन्सबद्दलचा अंतिम निर्णय माझा राहिलेला नाही. तिपाईऐवजी रिकामी कापडी पिशवी न्या, तिथे पोचल्यावर किलोभर तांदूळ भरून जिप्सीच्या दांडीवर टाका आणि निघताना तांदूळ कोणाला तरी देऊन टाका. वजन शून्य.

इथल्या इथे काढायचे असेल तर आणखी दोन गोष्टी. अल खोरजवळ अल थाखिराच्या खारफुटीत हिवाळ्यात रोहित येतात, तेव्हा सूर्य वर यायच्या आत जा. दहा वाजता वाळूवरची हवा तापते आणि मग लेन्स कितीही महाग असो, फोटोत पक्षी नाही, मृगजळ येते. शेखसाहेबांच्या १६०० लाही यावर उपाय नव्हता. लांब लेन्स पक्ष्याबरोबर मधली सगळी हवाही मोठी करते. आणि दमट महिन्यांत वातानुकूलित घरातून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, पुढच्या काचेवर पाणी धरते. बॅग बंद ठेवून अर्धा तास गाडीत राहू द्या.

गेल्या डिसेंबरात मी ६०० पर्यंतची लेन्स घेऊन नान्नजला गेलो. मामा आता नाहीत. माळावर काळवीट भरपूर होते, धाविक दिसला, आणि पहाटे एक लांडगा गवताच्या कडेने गेला. त्याचे छायाचित्र चांगले आले. माळढोक नव्हता. देशभरात आता दीडशेच्या आतच ते उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड अंगाने तो वेळेवर वळू शकत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आपटून मरतो. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि २०२४ मध्ये तो बदलून समिती नेमली. जैसलमेरच्या बाजूला अंडी गोळा करून पिल्ले वाढवली जातात. तिथल्या शास्त्रज्ञांनी कृत्रिम रेतनाचे तंत्र शिकून घेतले ते अबूधाबीत, हौबारा पाळणाऱ्या संस्थेकडून. ससाण्यांच्या शिकारीसाठी हौबारा संपत आला म्हणून अरबांनी जे शिकून घेतले, ते आपल्या माळढोकाच्या कामी आले. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या पद्धतीने पहिले पिल्लू झाले.

परत आल्यावर मी ती १९९४ ची निगेटिव्ह स्कॅन केली. पडद्यावर वाढवत वाढवत गेलो, तसे रसायनाचे दाणे मोठे होत गेले. मुलगी मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, पक्षी कुठे आहे?" मी बोट ठेवून दाखवले. तिने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "मान दिसतेय," आणि खरोखरच, नीट पाहिले तर त्या करड्या दाण्यांत वरच्या बाजूला दोन-तीन दाणे पांढरे आहेत.